ग्वाल्हेरचं मिराज: एक लढाऊ विमान पडतं तेव्हा काय काय जातं

६ फेब्रुवारी २०२५ च्या दुपारी शिवपुरी जिल्ह्यातल्या एका शेतात हवाई दलाचं मिराज-२००० कोसळलं. आपल्या ग्वाल्हेरच्या तळावरून ते नेहमीच्या सरावासाठी उडालं होतं. विमान दोन आसनी होतं. दोन्ही पायलट वेळेत बाहेर पडले आणि वाचले. हवाई दलाने त्याच दिवशी कारण सांगितलं, तेही दोनच शब्दांत: यंत्रणेत बिघाड.

मग ग्वाल्हेर शहरात, लष्कर भागापासून मुरारपर्यंत, जिथे तिथे तीच चर्चा. दाल बाजारात सामान घेताना, जिवाजीगंजात कुणाच्या ओट्यावर, मंडळाच्या बैठकीत, सगळीकडे ठरलेली तीन वाक्यं ऐकू यायची. "अहो, चाळीस वर्षांची विमानं ती, पडणारच." "पायलट नवखा असेल." "आणि आपल्याच भागात बरी पडतात एवढी!" बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, काळजीच असते. पण तिन्ही वाक्यांत थोडं खरं आणि बरंच अर्धवट आहे. ज्या शहरावरून ही विमानं रोज उडतात, ज्याच्या भिंड रोडवर आणि दीनदयाळ नगरात राहणाऱ्यांना नुसत्या आवाजावरून कळतं की आज उड्डाणं आहेत, त्या शहराला हा विषय नीट माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मिराज ग्वाल्हेरला आलं कसं

मिराज-२००० हे फ्रान्सच्या दासो कंपनीचं विमान. त्याचं पहिलं उड्डाण १० मार्च १९७८ ला झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१६ द्यायचं ठरवलं, आणि त्याच्या तोडीचं विमान तेव्हा आपल्याकडे नव्हतं. म्हणून १९८२ मध्ये भारताने फ्रान्सशी करार केला. सुरुवातीची मागणी ४० विमानांची होती: ३६ एक आसनी आणि ४ दोन आसनी. आपले पायलट आणि तंत्रज्ञ फ्रान्समध्ये जाऊन शिकले आणि जून १९८५ मध्ये पहिली विमानं महाराजपुऱ्याच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या हवाई तळाच्या, धावपट्टीवर उतरली. पुढे आणखी ९ आली, आणि २००० साली झालेल्या करारातून आणखी १०. हवाई दलाने त्याला नाव दिलं 'वज्र'.

हवाई दलात विमानांच्या तुकडीला स्क्वाड्रन म्हणतात. एका लढाऊ स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात. ग्वाल्हेरला मिराजच्या तीन स्क्वाड्रन आहेत: सात नंबरची 'बॅटल ॲक्सेस', एक नंबरची 'टायगर्स' आणि नऊ नंबरची 'वुल्फपॅक'. सगळ्या भारतातली मिराज या एकाच तळावर राहतात. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

हे विमान ओळखायचं कसं? खालून पाहिलं तर पंख सरळ त्रिकोणी दिसतात आणि शेपटीकडे आडवे छोटे पंख नसतातच, फक्त एक उंच उभं शेपूट. या त्रिकोणी पंखाला डेल्टा म्हणतात. त्यात इंधन भरपूर मावतं आणि जास्त वेगात हवेचा अडथळा कमी होतो. आवाजाच्या दुपटीहून अधिक वेग मिराज गाठू शकतं. पण उतरताना त्याला नाक बरंच वर उचलून यावं लागतं. भिंड रोडवरून कधी ते खाली येताना दिसलं तर बघा, मागची चाकं टेकली तरी नाक काही वेळ आकाशाकडेच असतं.

कारगिल आणि बालाकोट

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर बसले होते. हवाई दलाने सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांतच एक मिग-२१, एक मिग-२७ आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमावलं. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात उडणं परवडणार नाही हे स्पष्ट झालं. मग उंचावरून अचूक मारा करण्यासाठी मिराजला पुढे आणण्यात आलं.

यासाठी लेझरच्या झोतावर चालत जाणारे बॉम्ब हवे होते, आणि लक्ष्यावर लेझर धरून ठेवणारं 'लायटनिंग पॉड' नावाचं इस्रायली उपकरण. विमानाच्या पोटाखाली लावायची ती नळकांड्याएवढी वस्तू इथल्या तंत्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी घाईघाईने, युद्ध चालू असताना बसवली. १७ जूनला मुंथो ढालो इथला शत्रूचा रसदीचा तळ उडवला. २४ जूनला टायगर हिलवर लेझर बॉम्ब पडले. तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस ती मोहीम दुसऱ्या एका दोन आसनी मिराजमधून स्वतः पाहत होते. टायगर हिल सैन्याने ४ जुलैला पुन्हा ताब्यात घेतली. लढणारे आणि मरणारे पायदळाचे जवान होते. मिराजने त्यांची वाट थोडी सोपी केली. त्या सगळ्या युद्धात मिराज एकही पडलं नाही.

वीस वर्षांनी, २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे, बालाकोटवर हल्ला झाला तोही मिराजनेच. बारा विमानं इथूनच गेली होती. सकाळी टीव्हीवर ग्वाल्हेरचं नाव झळकलं तेव्हा शहरात जो आनंद होता, तो मी विसरलेलो नाही. म्हणूनच शिवपुरीच्या बातमीनंतर "जुनी भंगार विमानं" असं कुणी बोललं की मनाला लागतं.

मग ती जुनी नाहीत का?

आहेत. पण लढाऊ विमानाचं वय वर्षांत मोजत नाहीत, उड्डाणाच्या तासांत मोजतात, आणि त्या तासांत विमानाने किती ताण सोसला यातही मोजतात.

ताण म्हणजे काय ते पाहू. वेगात असताना विमान एकदम वळवलं की आतल्या प्रत्येक वस्तूचं वजन वाढल्यासारखं होतं. या ताणाचं माप आहे 'जी'. जमिनीवर उभे आहोत तेव्हा आपण १ जी सोसतो. मिराज ९ जीपर्यंत वळू शकतं. ७० किलोच्या पायलटला त्या क्षणी आपलं वजन ६३० किलो झाल्यासारखं वाटतं, आणि विमानाच्या पंखाच्या मुळाशी तसाच नऊपट भार येतो. लोखंडी तार हातात घेऊन एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. दहा वेळा काही होत नाही, मग अचानक तुकडा हातात येतो. धातूचा थकवा हाच. म्हणून प्रत्येक विमानात जीची नोंद ठेवणारं यंत्र असतं. त्यावरून कळतं की या विमानाने नेमकं किती वेळा आणि किती वाकणं सोसलं. एकाच दिवशी आलेल्या दोन विमानांचं खरं वय त्यामुळे वेगळं असू शकतं.

ठरावीक तासांनंतर विमान पूर्ण उघडतात. रंग काढतात, क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी धातूच्या आतली केसाएवढी भेगही शोधतात, थकलेले भाग बदलतात. शिवाय २०११ च्या करारानुसार मिराजचं आधुनिकीकरण झालं. नवं रडार आलं, कॉकपिटमधल्या काट्यांच्या तबकड्या जाऊन पडदे आले, मायका नावाचं फ्रेंच क्षेपणास्त्र आलं. पहिली सुधारित विमानं २०१५ मध्ये फ्रान्समधून आली आणि बाकीची बेंगळुरूला एचएएल या सरकारी विमान कंपनीत सुधारली जाऊ लागली. तेव्हा १९८५ चं विमान म्हणजे १९८५ चीच प्रत्येक वस्तू, असं समजू नका.

तरीही सगळं काही बदलता येत नाही, हेही सांगायला हवं. तारांवरची आवरणं, रबरी सील, जोडण्या या वस्तू विमान उडो न उडो, कॅलेंडरप्रमाणे म्हाताऱ्या होतात. आणि सर्वांत मोठी अडचण सुट्या भागांची आहे. त्याबद्दल शेवटी.

'यंत्रणेत बिघाड' म्हणजे काय काय असू शकतं

जुन्या विमानांत पायलटच्या हातातली काठी तारांनी आणि दांड्यांनी थेट पंखाच्या हलत्या भागांना जोडलेली असायची. मिराजमध्ये तसं नाही. पायलट काठी हलवतो, तो इशारा विजेच्या रूपाने संगणकाकडे जातो, संगणक ठरवतो की पंखाचा कुठला भाग किती हलवायचा, आणि मग तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे तो भाग हलवतात. या पद्धतीला फ्लाय-बाय-वायर म्हणतात. मिराज मुद्दाम थोडं अस्थिर बनवलेलं आहे, कारण अस्थिर विमान चपळ वळतं. त्याला सरळ धरून ठेवण्याचं काम संगणक अखंड करत असतो. माणसाच्या हाताने ते जमणार नाही. म्हणून त्या संगणकाच्या चार समांतर वाटा ठेवलेल्या असतात. एक बंद पडली तर उरलेल्या तिघी सांभाळतात.

इंजिन मात्र एकच. एम-५३ नावाचं हे इंजिन साधारण साडेनऊ टनांचा जोर देतं. ते हवेत थांबलं तर पायलट पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी उंची लागते. उंची म्हणजे वेळ. वीस हजार फुटांवर असाल तर विचार करायला, दोन-तीनदा प्रयत्न करायला मिनिटं मिळतात. हजार फुटांवर असाल तर सेकंदं. त्रिकोणी पंखाचं विमान इंजिनाशिवाय फार लांब तरंगत जात नाही, झपाट्याने खाली येतं. इंजिन थांबलं की त्याच्यावर चालणारे तेलाचे पंप आणि विजेचा जनरेटरही मंदावतात, म्हणजे वर सांगितलेल्या संगणकाची आणि दट्ट्यांची रसद तुटायला लागते. आणीबाणीची सोय असते, पण ती काही वेळापुरतीच.

मिराजला इंजिनाने याआधीही त्रास दिला आहे. २४ फेब्रुवारी २०१२ ला भिंडजवळ एक दोन आसनी मिराज पडलं. त्यात एअर मार्शल अनिल चोप्रा होते, म्हणजे हवाई दलाच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपैकी एक, आणि स्वतः जुने मिराज पायलट. ते आणि सोबतचे पायलट दोघेही वाचले. दहाच दिवसांनी, ५ मार्चला, राजस्थानात आणखी एक पडलं. तेव्हा सगळ्या मिराजची उड्डाणं थांबवून तपासणी झाली. "नवखा पायलट असेल" म्हणणाऱ्यांनी २४ फेब्रुवारीची ही घटना आठवावी. विमानाला आत कोण बसलंय ते कळत नाही.

हँडल ओढल्यावरचे दोन-तीन सेकंद

विमान सोडून बाहेर पडण्याला पायलट 'इजेक्ट होणं' म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की पायलट उडी मारतो. उडी कुणी मारत नाही. खुर्चीच त्याला फेकते.

पायलटच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे, खुर्चीच्या पुढच्या कडेला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं एक हँडल असतं. ते ओढलं की पट्टे खांदे करकचून मागे खेचतात आणि पोटऱ्यांना बांधलेले पट्टे पाय आत ओढतात, कारण पाय बाहेर राहिला तर कॉकपिटच्या काठावर आपटून तुटेल. डोक्यावरचं पारदर्शक छत बाजूला होतं किंवा फुटतं. खुर्चीच्या मागची बारुदाची नळी पेटते, मग तळाचं रॉकेट. दोन आसनी विमानात साधारण मागची खुर्ची आधी जाते, नाहीतर पुढच्याच्या रॉकेटची आग मागच्याच्या अंगावर येईल. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास. मग एक छोटं पॅराशूट खुर्चीला सरळ धरतं, खुर्ची सुटून खाली पडते आणि मोठं पॅराशूट उघडतं. मिराजमधल्या मार्टिन बेकर पद्धतीच्या खुर्च्या विमान धावपट्टीवर उभं असलं तरी काम करू शकतात, इतका त्यांच्यात जोर असतो. त्या जोरामुळेच पाठीचे मणके दबतात. इजेक्ट झालेल्या पायलटला चालता येत असलं तरी सरळ इस्पितळात नेऊन पाठ तपासतात, ती त्यासाठी. काहींना पुन्हा लढाऊ विमान उडवता येत नाही.

कधी बाहेर पडायचं याचा निर्णय पायलट हवेत घेत नाही. उड्डाणाआधी जमिनीवरच तो ठरलेला असतो: इतक्या उंचीखाली विमान ताब्यात आलं नाही तर हँडल ओढायचं, विचार करत बसायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण कोट्यवधींचं विमान, खाली कुठेतरी गाव, आणि शेवटपर्यंत सावरेल ही आशा, यांत एखादा सेकंद जास्त जातो आणि तो सेकंदच महाग पडतो.

खुर्चीने काम केलं तरी माणूस वाचतोच असंही नाही. १ फेब्रुवारी २०१९ ला बेंगळुरूच्या एचएएल विमानतळावर आधुनिकीकरण झालेलं दोन आसनी मिराज पडलं. स्क्वाड्रन लीडर समीर अबरोल आणि स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ नेगी, दोघेही चाचणी पायलट, दोघेही गेले. बालाकोटच्या आधी जेमतेम साडेतीन आठवडे.

आपल्याच भागात का पडतात?

भारतातली सगळी मिराज ग्वाल्हेरला असतात, हे वर आलंच. शिवाय इथे हवाई दलाची टॅकडी ही संस्था आहे. देशभरातले निवडक पायलट हवाई लढाईचे डावपेच शिकायला तिथे येतात. १९७१ मध्ये ती आदमपूरला सुरू झाली, मग जामनगरला गेली आणि २००० पासून ग्वाल्हेरला आहे. म्हणजे आपल्या आकाशात नुसती ये-जा होत नाही, इथे रोज लढाईची तालीम होते. भिंड, मुरैना, शिवपुरी हे सगळे जिल्हे काही मिनिटांच्या अंतरावर. तालीम जिथे होते, अपघातही तिथेच होणार. ऑक्टोबर २०२१ मध्ये भिंड जिल्ह्यात एक मिराज पडलं, त्याचे पायलट बचावले.

आणि मग २८ जानेवारी २०२३. ग्वाल्हेरहून उडालेली दोन विमानं, एक सुखोई-३० आणि एक मिराज, मुरैना जिल्ह्यावर सराव करताना पडली, बहुधा एकमेकांना धडकून. सुखोईतले दोघे पायलट इजेक्ट झाले. मिराजचे पायलट विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. ते बेळगावचे होते. अवशेष मुरैन्यात पहाडगढच्या जंगलात पडले आणि काही भाग पार राजस्थानात भरतपूर जिल्ह्यात सापडला.

पुष्कळांनी तेव्हा विचारलं, एवढ्या मोठ्या आकाशात दोन विमानं एकमेकांच्या इतकी जवळ येतातच कशी? जवळ येणं हाच तर सराव असतो. ताशी ९०० किलोमीटरने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधलं अंतर सेकंदाला ५०० मीटरने घटतं. पाच किलोमीटरवरचा ठिपका दहा सेकंदांत तुमच्यापाशी. म्हणून सरावात कोण कुठल्या उंचीच्या थरात राहील, एकमेकांच्या किती जवळ जायचं नाही, समोरचा दिसेनासा झाला तर डाव तिथेच थांबवायचा, हे सगळं आधी ठरवून घेतात. तरी त्या वेगात डोळे, मान आणि ९ जीखाली दबलेलं शरीर यांची मर्यादा असते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: युद्ध नसताना एवढा धोका कशाला? कारगिलमध्ये नवं उपकरण बसवून काही दिवसांत अचूक मारा करता आला, तो त्या आधीच्या चौदा वर्षांच्या रोजच्या उड्डाणांमुळे. उड्डाणं कमी केली तर शांततेतले अपघात काही काळ कमी दिसतील, पण पायलटचा हात उतरेल, आणि हात उतरलेला पायलट साध्या उड्डाणातही जास्त चुका करतो. उड्डाणाचे तास कमी करणं हा सुरक्षेचा उपाय नव्हे.

शेतात तुकडा पडला तर

हे थोडं विषयांतर वाटेल, पण आपले कितीतरी नातेवाईक, ओळखीचे या जिल्ह्यांत राहतात, शेती करतात, म्हणून सांगतो. पडलेल्या लढाऊ विमानाजवळ जाऊ नका, तुकडे उचलू नका. खुर्ची सुटी पडली असली तरी तिच्यात न पेटलेली बारुदाची काडतुसं असू शकतात. मिराजच्या शेपटीत आणि पंखांच्या हलत्या भागांत कार्बनच्या धाग्यांचं साहित्य आहे. ते जळलं की त्याची सूक्ष्म धूळ फुप्फुसात जाते आणि कातडीला खाजवते. पायलट सापडला तर त्याला आडवं राहू द्या, उठवून बसवू नका, पाठीचं कारण वर आलंच आहे. आणि प्रत्येक तुकडा जिथे पडला तिथेच असणं चौकशीसाठी महत्त्वाचं असतं. कुठला तुकडा आधी सुटला हे अंतरावरूनच कळतं.

चौकशी होते, मग निकाल का कळत नाही?

प्रत्येक अपघातानंतर हवाई दल 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' नेमतं. नाव कोर्टाचं असलं तरी ती शिक्षा देणारी कचेरी नाही. अनुभवी पायलट, तांत्रिक अधिकारी, डॉक्टर असे लोक मिळून घटनेचा एकेक धागा सोडवतात. ब्लॅक बॉक्स, म्हणजे उड्डाणाची सगळी नोंद ठेवणारी पेटी, शोधली जाते. ती नावाने काळी आणि रंगाने नारिंगी असते, ढिगाऱ्यात सापडावी म्हणून. इंजिनाचे तुकडे, इंधनाचा नमुना, देखभालीच्या वह्या, रेडिओवरचं बोलणं, सगळं तपासलं जातं.

अहवाल जाहीर होत नाही, याची लोकांना चीड येते. मला तिचं कारण समजतं. पण दोन गोष्टी आहेत. एक, त्यात विमानाच्या क्षमता आणि कमतरता तपशिलात असतात. दुसरी जास्त महत्त्वाची: आपलं बोलणं उद्या वर्तमानपत्रात येणार असं वाटलं तर तंत्रज्ञ "हो, तो नट मी कसायला विसरलो असेन" असं कधीच सांगणार नाही. आणि ते कळलं नाही तर पुढचं विमान वाचणार नाही. तरी ढोबळ आकडे संसदेपुढे ठेवायलाच हवेत, आणि ते ठेवले जातात. संरक्षणविषयक स्थायी समितीच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातले हवाई दलाचे ३४ अपघात वर्षवार दिले आहेत, कारणांसह. २०१७-१८ मध्ये ८, पुढच्या वर्षी ११, मग दोन वर्षं तीन-तीन, आणि २०२१-२२ मध्ये ९. कारणांच्या रकान्यात 'मानवी चूक' वारंवार येते.

'मानवी चूक' वाचलं की आपण पायलटकडे बोट दाखवतो. अपघात मात्र क्वचितच एका चुकीने होतो. आदल्या रात्रीची अपुरी झोप, घाईत झालेली तपासणी, अस्पष्ट सूचना, हवामान, आणि शेवटी एका सेकंदाचा चुकीचा निर्णय, अशा चार-पाच गोष्टी एका ओळीत येतात. त्यातली एक जरी वेळेत हटली तरी विमान परत येतं. चौकशीचं खरं काम ती हटवता येण्याजोगी गोष्ट शोधणं हे आहे.

मिग-२१ सारखंच का हे?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा ही तुलना पुन्हा सुरू झाली. मिगचे आकडे मोठे होते. सरकारने २०१२ मध्ये संसदेत सांगितलं होतं की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी तोवर ४८२ अपघातांत गेली आणि १७१ पायलट मृत्युमुखी पडले. त्यात सगळ्या प्रकारची मिग आली, आणि जवळपास पन्नास वर्षांचा काळ आला.

हवाई दलाचं एकूण अपघातांचं प्रमाण मात्र बरंच उतरलं आहे. ते दर दहा हजार उड्डाण-तासांमागे मोजतात. २०००–०५ मध्ये ते ०.९३ होतं, २०१७–२२ मध्ये ०.२७. म्हणजे आधी साधारण पावणेअकरा हजार तासांना एक अपघात व्हायचा, नंतर सदतीस हजार तासांना एक. आपल्याला अपघात वाढल्यासारखे वाटतात, कारण आता प्रत्येक घटनेचा व्हिडिओ तासाभरात आपल्या फोनवर येतो.

एक गेलं तर दुसरं का येत नाही?

आता खरी अडचण. मिराज-२००० बनवणं फ्रान्सने थांबवलं आहे. शेवटचं विमान २००७ मध्ये ग्रीसला दिलं गेलं. जगभरात सुमारे ६०० बनली, आणि आता नवं मिराज कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. त्यामुळे शिवपुरीला जे पडलं त्याची किंमत किती कोटी, हा प्रश्नच अपुरा आहे. पैसे असूनही ती जागा भरता येत नाही.

म्हणूनच २०२१ च्या सुमारास भारताने फ्रान्समध्ये वापरातून काढलेली जवळपास दोन डझन जुनी मिराज विकत घेतली. "आधीच जुनी, त्यात आणखी जुनी कशाला?" असं तेव्हाही लोक म्हणाले. ती मुख्यतः सुट्या भागांसाठी घेतली. त्यांतले चांगले भाग काढून आपल्या विमानांना लावले की आपली विमानं उडती राहतात. एखाद्या विमानाचं उत्पादन बंद झालं की पुष्कळ देश हेच करतात.

हवाई दलाला मंजुरी आहे ४२ लढाऊ स्क्वाड्रनची. मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. मिराज, जग्वार आणि मिग-२९ यांची जागा घ्यायला तेजस मार्क-२ आखलं आहे, अमेरिकेच्या एफ-४१४ इंजिनावर चालणारं. ते अजून स्क्वाड्रनमध्ये दाखल व्हायचं आहे. तोवर महाराजपुऱ्यात उरलेल्या मिराजनाच तेवढेच पायलट तयार करायचे आहेत, तेवढीच गस्त घालायची आहे. विमानं कमी झाली की काम कमी होत नाही. प्रत्येकावर दरवर्षी जास्त तास आणि जास्त जी पडतात, आणि ज्या थकव्यापासून त्यांना जपायचं आहे, तो लवकर साठत जातो.